औषध स्वस्त झालं ते कायद्यामुळे

सरकारनं आरोग्यसेवा परवडणारी केली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाने येतात. आज आपण कायद्याचं पुस्तक उघडणार आहोत.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडे पेटंटचा कायदा होता तो इंग्रजांनी केलेला, १९११ सालचा. त्यात थेट औषधावरच पेटंट मिळत असे. परदेशी कंपन्या इथं पेटंट घेत, पण बऱ्याचदा औषध इथं बनवत नसत आणि दुसऱ्यालाही बनवू देत नसत. भारतात काही औषधांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत, अशी नोंद अमेरिकी सिनेटच्या एका समितीनंच केली, १९६१ च्या सुमारास.

यावर सरकारनं काय केलं? आधी कारखाना काढला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. पण पेटंटची अडचण एका कारखान्यानं सुटणारी नव्हती. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात कायदाच बदलण्याची दिशा दाखवली. त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला, तो १९७२ मध्ये अमलात आला.

त्यातली मेख समजून घेऊ. पुरणपोळी तुम्ही शोधलीत असं धरा. जुन्या कायद्यात पुरणपोळीच तुमची. नव्या कायद्यात हक्क फक्त तुमच्या कृतीवर. दुसऱ्यानं वेगळ्या कृतीनं केली तर ती त्याची. शिवाय औषधांसाठी तो हक्क जास्तीत जास्त सात वर्षं. आपले रसायनशास्त्रज्ञ वेगळी कृती शोधण्यात तरबेज झाले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं एड्सवरची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य देशांत तोच खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता.

याची दुसरी बाजूही आहे. कृती बदलण्यात आपण पुढे गेलो, तेवढे नवं औषध शोधण्यात गेलो नाही. आणि जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून औषधावरचं पेटंट पुन्हा आलं.

पण सगळी दारं बंद झाली नाहीत. पेटंटचं औषध परवडत नसेल, तर दुसऱ्याला ते बनवायचा परवाना सरकार देऊ शकतं, हे कलम कायद्यात राहिलं. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधासाठी असा पहिला परवाना दिला गेला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत होते, ते ९ हजारांच्या आत आले.

कलम तेच होतं. कोणीतरी ते मागितलं आणि २०१२ मध्ये सरकारनं ते वापरलं, एवढाच फरक. नुसतं पुस्तकात पडून राहिलेलं कलम रोग्याच्या काय कामाचं? पुढच्या वेळी औषधाचं बिल हातात येईल, तेव्हा आपण एवढं जरूर आठवावं.