सणाच्या रात्रीचे भय

नाताळ हा आनंदाचा सण, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. रोषणाई, गोडधोड, भेटवस्तू, मुलांचा कल्लोळ आणि देवळांतील घंटानाद हेच त्याचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. अशा सणाच्या पार्श्वभूमीवर अंगावर काटा आणणारे भयपट निघावेत, आणि ते आवर्जून त्याच दिवसांत पाहिले जावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तथापि भय आणि सण यांची ही जोडी चित्रपटाने जन्मास घातलेली नाही. ती फार जुनी आहे. आणि तिचा इतिहास पाहू लागलो म्हणजे तो इंग्लंडात सुरू होऊन आपल्या नागपूर-रायपूरकडे येऊन पोहोचतो.

नाताळ येतो तो उत्तरेकडील देशांत वर्षातील सर्वांत दीर्घ रात्रींच्या दिवसांत. दुपार कलते न कलते तोच अंधार पडतो, शेतीची कामे थांबलेली असतात, आणि सारे घर शेकोटीभोवती गोळा होते. अशा वेळी भुताखेतांच्या गोष्टी निघाव्यात हे स्वाभाविकच होय. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' या नाटकात एक लहान राजपुत्र आपल्या आईला हिवाळ्यास साजेशी गोष्ट म्हणून पिशाच्चांचीच गोष्ट सांगू लागतो. सतराव्या शतकाच्या मध्यास प्यूरिटनांच्या संसदेने नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली, परंतु ती टिकली नाही. लोकांचा सण गेला नाही, आणि शेकोटीजवळची गोष्टही गेली नाही.

याच इंग्लंडात भयाचे दुसरे एक रूप होते, आणि ते गोष्टीतले नव्हते. चेटकीण ठरवून स्त्रियांना न्यायालयाच्या हुकुमाने फासावर चढविले जात असे. १७३५ च्या कायद्याने हा गुन्हाच रद्द केला. चेटूक खरे मानून खटला भरणे बंद झाले. उलट आपल्या अंगी तशी शक्ती असल्याची बतावणी करणारा शिक्षेस पात्र ठरला. पण कायदा झाला म्हणून माणसाचे मन एका रात्रीत पालटत नाही. १७५१ मध्ये ट्रिंग या गावी रूथ ऑसबर्न नावाच्या वृद्ध स्त्रीला जमावाने चेटकीण म्हणून पाण्यात बुडवून मारले. त्या जमावाच्या म्होरक्याला सरकारने त्याच वर्षी फाशी दिली. भय न्यायालयातून हद्दपार झाले होते. गावाच्या मनातून ते जावयास आणखी अवकाश होता.

या पार्श्वभूमीवर १८४३ साल पाहावे. कारखान्यांत राबणाऱ्या बालकांच्या स्थितीविषयीचा सरकारी अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. तो वाचून चार्ल्स डिकन्स अस्वस्थ झाला. गरिबांच्या मुलांची कैफियत मांडणारे एक पत्रक काढावे असे प्रथम त्याच्या मनात आले. परंतु पत्रकापेक्षा गोष्ट अधिक खोल जाईल असे वाटून त्याने तो बेत सोडला आणि 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिली. १९ डिसेंबरला ती बाहेर पडली आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. स्क्रूज नावाचा कवडीचुंबक सावकार, साखळदंड ओढीत येणारे त्याच्या मृत भागीदाराचे भूत, आणि मागून येणारी तीन पिशाच्चे ही कथा आता जगभर ठाऊक आहे. तिच्यातील एक प्रसंग मात्र विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या पिशाच्चाच्या झग्याखालून दोन खंगलेली, भेसूर मुले बाहेर येतात. एकाचे नाव अज्ञान, दुसऱ्याचे दैन्य. या दोघांची भीती बाळगा, आणि त्यातही अज्ञानाची अधिक, असा इशारा ते पिशाच्च देते. डिकन्सने वाचकाला भुताचे भय दाखविले ते खऱ्या भयाकडे बोट दाखविण्यासाठी.

पुढे नाताळच्या अंकांत भुताची गोष्ट असावयाचीच, असा रिवाज पडला. डिकन्सची 'द सिग्नलमन' ही गोष्ट १८६६ च्या अशाच एका अंकातील. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात विद्वान संशोधक एम. आर. जेम्स नाताळच्या सुमारास मित्रांना आपल्या खोलीत जमवून स्वतः लिहिलेल्या भयकथा वाचून दाखवीत; १९०४ मध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला.

चित्रपटाने ही परंपरा उचलली ती अगदी बाल्यावस्थेत असताना. १९०१ मध्ये आर. डब्ल्यू. पॉल यांच्या कारखान्यात डब्ल्यू. आर. बूथ याने डिकन्सच्या कथेवर चार-सहा मिनिटांचा मूकपट काढला. एकाच फितीवर दोनदा छायाचित्रण करून त्याने दारावर आणि खोलीत मृताची पारदर्शक आकृती उमटविली. त्या मूकपटाचा काही भाग आजही उपलब्ध आहे. पुढे १९४५ च्या 'डेड ऑफ नाइट' या इंग्रजी बोलपटातील एका कथेत नाताळच्या मेजवानीत लपंडाव खेळणारी मुलगी एका अनोळखी खोलीत जाते, तिथे रडणाऱ्या लहान मुलाची समजूत घालून त्याला निजविते, आणि त्या मुलाचा फार पूर्वीच खून झालेला आहे हे तिला मागाहून कळते. १९७१ ते १९७८ या काळात बी. बी. सी. ने दूरचित्रवाणीवर दरवर्षी नाताळसाठी एक भुताची गोष्ट सादर केली. शेकोटीची जागा पडद्याने घेतली. भोवतालचे कोंडाळे तेच राहिले.

यानंतर मात्र या भयपटांचे स्वरूप बदलले. भूत मागे पडले आणि माणूस पुढे आला. १९७२ च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मध्ये सांताक्लॉजच्या वेषातील खुनी दाराशी येतो, आणि घरातील अजाण मुलगी त्याला आनंदाने आत घेते. १९७४ मध्ये कॅनडात बॉब क्लार्क याने काढलेल्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये विद्यार्थिनींच्या वसतिगृहात घाणेरडे दूरध्वनी येत राहतात, आणि ते त्याच घरातून येत आहेत हे शेवटी उघड होते. या कथांतील भयाचे मर्म ध्यानात यावयास उशीर लागत नाही. सणाच्या दिवशी घराचे दार उघडे असते. पाहुणा, भिक्षेकरी, सोंग घेतलेला माणूस, सर्वांना आपण आत घेतो. जो विश्वास सणाचा प्राण, त्याच्यावरच हे चित्रपट घाव घालतात.

तो घाव सर्वांना मानवला असे नाही. १९८४ च्या नोव्हेंबरात 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' हा चित्रपट अमेरिकेत लागला. सांताक्लॉजच्या वेषातील खुनी त्याच्या जाहिरातीत झळकताच पालक खवळून उठले, चित्रपटगृहासमोर नाताळची गीते गात निदर्शने झाली, आणि वितरक कंपनीला तो थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला. त्याच वर्षीच्या 'ग्रेमलिन्स'ने मुलांच्या चित्रपटात किती भय असावे हा वाद पेटविला; अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांना सावध करणारा नवा दर्जा निर्माण झाला, त्याच्या कारणांपैकी हा एक चित्रपट होता.

श्रोतेहो, हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूस सारण्याजोगे नाही. आपल्या सणांतही भयाला मानाचे स्थान आहे. होळीच्या रात्री मुले बोंब मारतात. ती ढुंढा राक्षसीला पळवून लावण्यासाठी, असे पुराण सांगते. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभारतात आणि पहाट होताच जाळतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि गावाची इडापिडा तिच्यासंगे घालविली जाते. या सर्वांत एक सूत्र आहे. भयाला एक आकार द्यावयाचा, तो सर्वांनी मिळून पाहावयाचा, आणि सण संपताना तो नष्ट करावयाचा. जळते ते बांबू, गवत आणि कागद, माणूस नव्हे.

हेच सूत्र तुटते कोठे, हे पाहण्यासाठी नागपूरहून पूर्वेस छत्तीसगढात जावयास हवे. हा प्रदेश मराठी माणसास परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य रतनपुरास पोहोचले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार पाहिला. १८१८ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले, आणि १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरच्या राज्याचाच भाग होता. नाताळही येथे नवा नाही. १८६८ मध्ये ऑस्कर लोर या मिशनऱ्याने बिश्रामपूर येथे ठाणे स्थापिल्यापासून खेड्यापाड्यांत तो साजरा होत आला आहे. परंतु येथील भयाची रात्र नाताळची नव्हे, हरेलीची.

हरेली म्हणजे आपली आषाढी अमावास्या. उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपतो म्हणून तेथे ती श्रावणात मोडते. महाराष्ट्रात त्या दिवशी आपण घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतो आणि त्यांची पूजा करतो. छत्तीसगढात शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन पूजतो, मुले बांबूच्या 'गेडी'वर चढून चिखलातून धावतात, आणि घरोघरी गोड गुलगुले होतात. २०१९ पासून राज्य शासनाने या दिवशी सार्वजनिक सुटी दिली. रायपूर स्थानकाच्या एका अंगास जुने शहर आणि दुसऱ्या अंगास गुढियारी. रुळांपलीकडील ही वस्ती आता शहरातच मोडते. तथापि गावाकडचे सण रुळ ओलांडून अशा वस्त्यांत येतातच. त्या दिवशी दारावर कडुनिंबाची डहाळी खोचलेली दिसते, आणि उंबऱ्याशी लोहाराने ठोकलेला लोखंडी खिळा. डहाळी आणि खिळा कोणाला अडविण्यासाठी? टोनहीला.

टोनही म्हणजे चेटकीण. हरेलीच्या मध्यरात्री ती मंत्र सिद्ध करण्यास बाहेर पडते, तिच्या तोंडातून उजेड पाझरतो, अशी समजूत आहे. गोष्ट येथवरच राहती तर ती केंब्रिजच्या खोलीतील गोष्टीहून वेगळी ठरली नसती. पण टोनही कागदाची नसते. ती गल्लीत राहणारी, नावागावाची स्त्री असते. पावसाळ्याचे दिवस, तापाची साथ येते, साप चावतो, मूल दगावते, गुरे मरतात. कारण ठाऊक नसते आणि डॉक्टर दूर असतो. मग बैगा बोट दाखवितो. ते बोट बहुधा एखाद्या विधवेकडे, एकट्या वृद्धेकडे, किंवा जिच्या चार बिघे जमिनीवर कोणाचा डोळा आहे अशा स्त्रीकडे वळते. मारहाण, धिंड, गावातून हकालपट्टी आणि प्रसंगी खून, असा त्या कथेचा शेवट होतो.

याविरुद्ध बिहारने १९९९ मध्ये कायदा केला. छत्तीसगढने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. कोणा स्त्रीला टोनही ठरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि तिचा छळ करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रातील कायदा २०१३ चा. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतरच तो अस्तित्वात आला. कायद्याने सारे होत नाही, हे ट्रिंगच्या रूथ ऑसबर्नने आपल्याला सांगितलेच आहे. म्हणूनच रायपूरचे नेत्ररोगतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी हरेलीच्या रात्रीच खेड्यांत जाण्याचा परिपाठ ठेवला, याचे मोल मोठे आहे. भयाची जी वेळ, त्याच वेळी अंधारात उभे राहून माणसांशी बोलणे, याहून सरळ उपाय नाही.

चित्रपटाकडे पुन्हा वळलो तर आपल्याकडेही सणाच्या रात्रींचा एक भयपट निघाला आहे. २०१८ चा 'स्त्री' हा अमर कौशिक यांचा हिंदी चित्रपट मध्य प्रदेशातील चंदेरीत घडतो. वार्षिक पूजेच्या चार रात्रींत एक प्रेतात्मा पुरुषांना उचलून नेतो, आणि लोक भिंतींवर तिला उद्या येण्याची विनवणी लिहून ठेवतात. हरेलीच्या कडुनिंबाचीच ही चित्रपटातील बहीण. विशेष असा की येथे घाबरून घरात बसतात ते पुरुष, आणि जिचे भय आहे ती प्रेम व सन्मान यांसाठी तळमळणारी स्त्री निघते. अखेरीस गाव भिंतीवरचे शब्द बदलते आणि तिच्याकडे रक्षण मागते. हसतखेळत सांगितलेली ही गोष्ट टोनहीच्या गोष्टीला नेमकी उलटी करते.

म्हणून नाताळच्या भयपटांना नुसते अभिरुचिहीन ठरवून चालणार नाही, आणि हरेलीच्या कथा गावकऱ्यांनी सांगूच नयेत असेही म्हणता येणार नाही. काळोखी रात्र आहे तोवर भय राहणार, आणि भय आहे तोवर त्याची गोष्ट सांगितली जाणार. प्रश्न एवढाच की त्या गोष्टीतील चेटकिणीला शेजारच्या घराचा पत्ता दिला जातो की नाही. डिकन्सच्या पिशाच्चाने झग्याखालून जी दोन मुले बाहेर काढली, तीच बैग्याच्या बोटामागे उभी असतात. हरेलीच्या रात्री दारावर डहाळी खोचावी; परंतु अज्ञान आणि दैन्य यांना अडविणारी डहाळी म्हणजे शाळा, दवाखाना आणि शेजाऱ्याने वेळीच उच्चारलेला निषेधाचा शब्द. याच अमावास्येला आपल्याकडे दिवे पुजले जातात. त्यांतील एखादा त्या एकट्या वृद्धेच्या दाराशी नेऊन ठेवणे, हे त्या पूजेचेच पुढचे पाऊल होय.