उळवीच्या अरण्यालगतची अणुभट्टी

उळवीस आपण जातो ते चेन्नबसवण्णांच्या समाधीपुढे मस्तक नमविण्यास. बाराव्या शतकात कल्याणहून निघालेल्या शरणांना या निबिड अरण्याने आसरा दिला, अशी परंपरा आहे. त्याच सह्याद्रीच्या कुशीत, काळी नदीच्या काठी, कैग्याचे अणुवीजकेंद्र उभे आहे. अमेरिका व रशिया यांची अण्वस्त्रस्पर्धा आपण वर्गात दूरदेशीची कथा म्हणून शिकवितो; तिचा एक धागा मात्र येथवर पोचला आहे.

1953 च्या डिसेंबरात आयसेनहॉवर यांनी 'शांततेसाठी अणू' अशी घोषणा केली, त्याच सुमारास दोन्ही महासत्ता हायड्रोजन बॉम्ब घडवीत होत्या. त्या विचित्र औदार्याच्या काळात तुर्भ्याची 'सायरस' भट्टी उभी राहिली. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे. 1960 साली ती सुरू झाली आणि तिच्याच प्लुटोनियमवर 1974 चा पोखरणचा स्फोट घडला. कॅनडाने साहाय्य थांबविले. कॅनडाच्या नमुन्याच्या पुढील वीजभट्ट्या आपल्या अभियंत्यांनी स्वबळावर उभारल्या. कैग्याच्या चार भट्ट्या त्याच वंशातल्या.

2006 मध्ये भारताने चालू व बांधकामाधीन 22 वीजभट्ट्यांपैकी 14 आंतरराष्ट्रीय तपासणीखाली देण्याचे मान्य केले. कैग्याच्या चारही त्यांतून वगळल्या. तेथे बॉम्ब घडतात असा याचा अर्थ मुळीच नव्हे. तेथे वीजच तयार होते. पण 'शांततेचा अणू' कोठे संपतो आणि 'शस्त्राचा' कोठे सुरू होतो, ही आखणी महासत्तांना जमली नाही, ती आम्हांसही जमलेली नाही. आणि उळवीच्या यात्रेकरूस तर ती रेषा दिसतही नाही.