चोवीस कडांचा बटाटा

शिष्यवृत्तीच्या वर्गात मी बटाटा घेऊन जायचो. सुरीने त्याची इष्टिकाचिती कापायची आणि पोरांना म्हणायचं, मोजा. पृष्ठे 6, शिरोबिंदू 8, इथवर कुणी चुकत नसे. कडांशी मात्र दरवर्षी घोळ. एक तरी चोवीसवाला निघायचाच! प्रत्येक पृष्ठाच्या चार धरायच्या नि सहाने गुणून मोकळं व्हायचं. एकच कड दोन पृष्ठांत सामाईक असते, हे गावीही नसे.

या कडेने भल्याभल्यांना चकवलंय. चिती आणि सूची हे शाळेच्या भूमितीतले आपले शब्द भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (1150) आहेत. पण तिथली चिती म्हणजे विटांची रास आणि सूची म्हणजे तळाकडे निमुळता होत गेलेला खड्डा. खोदाई किती, विटा किती लागल्या, हा हिशेब. खड्ड्याच्या कडा मोजून कुणाला काय मिळणार?

फ्रेंच गणिती देकार्त कडांच्या नियमाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आला होता. त्याने पृष्ठांवरचे कोन मोजले. त्यांची संख्या कडांच्या दुप्पट, म्हणजे माझा चोवीसवालाच. त्याच्या मृत्यूनंतर कागदांची पेटी पॅरिसजवळ सीन नदीत बुडाली. भिजलेली पानं वाळवली गेली, 1676 च्या सुमारास लायब्निझने नक्कल उतरवून घेतली, आणि ती हॅनोव्हरला जवळजवळ दोनशे वर्षं पडून राहिली.

14 नोव्हेंबर 1750 ला बर्लिनहून गणिती ऑयलरने आपला मित्र गोल्डबाखला पत्र लिहिलं: पृष्ठे आणि शिरोबिंदू मिळवले की कडांपेक्षा दोन जास्त. सिद्धता अजून जमलेली नाही, हेही त्याने कबूल केलं. कडेला त्याने ‘अकिएस’ हे वेगळं लॅटिन नाव दिलं, कारण आधी तसं नावच नव्हतं. माझ्या मते सूत्राइतकंच मोठं काम हे. त्याने पुढे दिलेली सिद्धताही कोपरे कापत कापतच. तिच्यातही फट राहिली, तो भाग वेगळा.

मग मी बटाट्याचा एक कोपरा उडवायचो. पृष्ठे 7, शिरोबिंदू 10, कडा 15. पुन्हा दोनच जास्त. पोरं खूश.

1813 च्या सुमारास जिनिव्हाच्या लुइलिए या गणितीने मात्र खनिजांच्या संग्रहात पारदर्शक स्फटिकाच्या पोटात दुसरा स्फटिक पाहिला. घनाच्या आत घनाची पोकळी धरा: पृष्ठे 12, शिरोबिंदू 16, बेरीज 28. कडा 24. दोनाचे चार झाले!

हे बटाट्यात दाखवायला सुरी आत कशी घालायची, ते मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही.