मेंढ्यांचे जंत आणि गाईंची साथ

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) हा परिसर गवळाऊ गाईंचा. या जातीच्या पैदाशीसाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे शासकीय प्रक्षेत्र आहे. टेकड्यांचे उतार, पडीक जमिनी आणि झुडपी जंगल ही या भागातील गुरांची व शेळ्या-मेंढ्यांची चराईची ठिकाणे. दोन्ही जनावरे एका कुरणावर चरल्याने जंतांना आळा बसू शकतो, ही बाब मात्र फारशी परिचित नाही.

जंताचे जीवनचक्र

मेंढ्यांचा सर्वांत घातक जंत म्हणजे ‘हिमोंकस कंटॉर्टस’. जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून तो रक्त शोषतो. त्याची मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. लेंड्यांवाटे बाहेर पडलेल्या अंड्यांतून पावसाळी उबदार हवेत साधारण आठवडाभरात संसर्गक्षम अळ्या तयार होतात व ओल्या गवतावर चढतात. बाधित मेंढीच्या पापण्यांची आतील बाजू पांढुरकी पडते, जबड्याखाली सूज येते आणि कोकरे दगावतात.

गाय काय करते?

मेंढीचे बहुतेक जंत गाईच्या पोटात नीट वाढू शकत नाहीत. गाईचे जंतही मेंढीत क्वचितच तग धरतात. त्यामुळे मोठ्या गाई-बैलांनी गवतासोबत खाल्लेल्या मेंढीच्या अळ्या बहुतांशी नष्ट होतात. शिवाय तेवढ्याच कुरणावर मेंढ्यांची संख्या कमी राहिल्याने अंडीही कमी पडतात. दोन्ही कळप एकत्र चारावेत किंवा मेंढ्यांनंतर मोठी गुरे सोडावीत. दोन्ही पद्धती उपयोगी आहेत.

मर्यादा

शेळी व मेंढी यांचे जंत बरेचसे समान असल्याने शेळ्या सोबत ठेवून हा लाभ मिळत नाही. लहान वासरांना मेंढीच्या जंतांची बाधा होऊ शकते. त्यांना अशा कुरणापासून दूर ठेवावे. यकृतातील चपटा कृमी पाणथळ जागेतील गोगलगायींमार्फत गाय, म्हैस, शेळी, मेंढी या सर्वांनाच होतो. तेथे एकत्र चराई निरुपयोगी ठरते.

औषधांची धार राखण्यासाठी

अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन यांसारख्या औषधांना न जुमानणारे जंत जगभर आढळले आहेत. आयव्हरमेक्टिनच्या शोधाशी निगडित संशोधनाला २०१५ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. पण वारंवार व अपुऱ्या मात्रेत पाजल्यास असे औषधही निकामी होते. म्हणूनच सरसकट डोस देण्याऐवजी पापणीचा रंग पाहून गरजू मेंढ्यांनाच औषध देण्याची ‘फामाचा’ पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली.

एकत्र चराई औषधाला पर्याय नाही. ती औषधाची गरज कमी करते. पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्यांची तपासणी करून घ्यावी आणि वजनानुसार मात्रा ठरवावी. मेंढपाळासाठी कोकरू हेच भांडवल असते. औषध निकामी झाल्यावर ते वाचविण्यास फारसे काही हाती उरत नाही.