जनरल इलेक्ट्रिकची संशोधनशाळा (१९००–१९३२) : ज्ञान आणि स्वामित्व

कारखानदाराने शास्त्रज्ञाला वेतन देऊन आपल्या पदरी ठेवावे, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही एक आरंभ होता याचे आपणांस विस्मरण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रघात प्रामुख्याने जर्मनीतील रंगद्रव्यांच्या कारखान्यांत रूढ झाला होता. बाडिशे कंपनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पुढील काही वर्षांतच हिंदुस्थानातील निळीच्या लागवडीला उतरती कळा लागली. यावरून त्या संशोधनाचे सामर्थ्य ध्यानी येईल. अमेरिकेत मात्र संशोधन म्हणजे एडिसनसारख्या कल्पक पुरुषाची कर्मशाळा, अशीच समजूत होती. ही समजूत बदलण्यास न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टॅडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीची संशोधनशाळा फार मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. तिच्या पहिल्या तीस-बत्तीस वर्षांच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो : कंपनीच्या वेतनावर मिळविलेले ज्ञान कंपनीच्या मालकीचे म्हणावे काय, आणि म्हणावे तर कोठपर्यंत? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुरोधाने त्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे.

ही संशोधनशाळा ज्ञानलालसेतून जन्मास आली, असे म्हणता येणार नाही. १८९२ साली दोन कंपन्यांच्या एकीकरणातून जनरल इलेक्ट्रिक निर्माण झाली, तेव्हा तिच्या वैभवाचा एक मोठा आधार एडिसनच्या दिव्याचे पेटंट हा होता. ते पेटंट १८९४ साली संपुष्टात आले. तशात १८९७ साली जर्मनीत नेर्न्स्टने नव्या धर्तीचा दिवा तयार केला व त्याचे अमेरिकेतील हक्क प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउसच्या हाती गेले. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यावरही प्रयोग चालू होते. जनरल इलेक्ट्रिकचा कार्बन-तंतूचा दिवा मात्र होता तेथेच होता. ही परिस्थिती ओळखून कंपनीतील गणितज्ञ अभियंता स्टाइनमेट्झ याने उत्पादनाच्या दैनंदिन कामापासून अलिप्त अशा प्रयोगशाळेचा आग्रह धरला. १९०० साली स्टाइनमेट्झच्या निवासस्थानामागील गाडीखान्यात ही प्रयोगशाळा सुरू झाली. तिचा संचालक विलिस व्हिटनी हा लाइपझिग येथे ऑस्टवाल्डच्या हाताखाली शिकलेला रसायनज्ञ. अध्यापन सोडण्याची त्याची तयारी नव्हती. म्हणून आरंभी तो आठवड्यातील काही दिवसच बॉस्टनहून स्केनेक्टॅडीस येत असे.

व्हिटनीने प्रथम कार्बन-तंतूच विजेच्या भट्टीत अतिशय तापवून सुधारला. जुन्या दिव्यास एका कँडलच्या प्रकाशामागे सुमारे तीन वॅट वीज लागत असे, ती आता सुमारे अडीच वॅटवर आली. परंतु याच सुमारास ऑस्ट्रिया-हंगेरीत युस्ट व हानामान यांनी टंगस्टन धातूचा तंतू सिद्ध केला. टंगस्टनचा वितळबिंदू सुमारे ३,४००° सें., म्हणजे सर्व धातूंत उच्चतम; त्यामुळे तो अधिक तापविता येतो व वीज सुमारे सव्वा वॅटच लागते. जनरल इलेक्ट्रिकने या पेटंटाचे हक्क विकत घेतले. तथापि हा तंतू इतका ठिसूळ असे की, थोड्याशा धक्क्यानेही तो तुटावा. टंगस्टनची तार काढता येत नाही, हे त्या काळी जवळजवळ गृहीतच धरलेले होते.

विल्यम कूलिज याने हे गृहीत खोटे ठरविले. १९०५ साली संशोधनशाळेत आलेल्या या शास्त्रज्ञाने काही वर्षे चिकाटीने प्रयोग केले. टंगस्टनच्या भुकटीच्या दाबून तयार केलेल्या कांड्या तापवून त्या यंत्राच्या हातोड्यांखाली ठोकावयाच्या, क्रमाक्रमाने तपमान उतरवीत न्यावयाचे आणि शेवटी तप्त साच्यांतून तार ओढावयाची, अशी ही रीत होती. इतर धातू असे घडविताना ठिसूळ होत जातात. टंगस्टन उलट नरम होत गेला व अखेरीस थंड स्थितीतही वाकू लागला. १९१० पर्यंत ही पद्धत पूर्णत्वास गेली. १९१३ साली तिचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी टंगस्टनच्याच आधारे कूलिजने क्ष-किरणांची नवी नळी तयार केली आणि ती लवकरच रुग्णालयांत पोचली.

कूलिजपुढे निश्चित अडचण होती. १९०९ साली आलेल्या अर्व्हिंग लँगम्यूरपुढे तशी कोणतीही नव्हती. दिव्याचा काचेचा फुगा कालांतराने आतून काळा पडतो, याचे कारण आत उरलेली हवा, अशी सर्वांची समजूत होती. साहजिकच निर्वात अधिकाधिक परिपूर्ण करण्याकडे सर्वांचा रोख होता. लँगम्यूरला दिवा सुधारण्यापेक्षा त्यात काय घडते हे जाणण्याचे कुतूहल अधिक. म्हणून निर्वात सुधारण्याऐवजी तो मुद्दाम बिघडवून त्याने एकेक वायू आत सोडला व परिणाम पाहिला. व्हिटनीने या कामाचा हिशेब मागितला नाही. तो आपल्या सहकाऱ्यांना काम मजेत चालले आहे ना, एवढेच विचारीत असे. यातून लँगम्यूरला दिसून आले की, पाण्याच्या वाफेचा अपवाद सोडता उरलेल्या वायूंकडे फारसा दोष जात नाही. तप्त टंगस्टनचेच बाष्पीभवन होऊन ते काचेवर साचते. मग फुग्यात नायट्रोजनसारखा वायू भरला तर हे बाष्पीभवन मंदावेल! वायूमुळे उष्णता वाया जाते ही खरी अडचण. पण बारीक तारेचे घट्ट वेटोळे केले की ती जाड तारेप्रमाणे वागते व हानी कमी होते. १९१३ च्या सुमारास असे वायुपूरित दिवे निघाले. मोठ्या दिव्यांत कँडलमागे सुमारे अर्धा वॅट वीज पुरू लागली. तप्त तारेवरील वायूंच्या याच अभ्यासातून लँगम्यूरचे पृष्ठभागांविषयीचे रसायनशास्त्र वाढले व १९३२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवरचा इतिहास गौरवाचा आहे. त्याची दुसरी बाजू न्यायालयांच्या दप्तरांत सापडते. १९११ साली सरकारने भरलेल्या खटल्यात झालेल्या आदेशाने दिव्यांच्या धंद्यातील संगनमताला पायबंद बसला. त्यानंतर पेटंट हेच कंपनीचे प्रमुख शस्त्र ठरले. युस्ट-हानामान, कूलिज आणि लँगम्यूर या तिन्ही पेटंटांच्या बळावर तिने वेस्टिंगहाउसला परवाना दिला व विक्रीची किंमतही आपणच ठरविली. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला. म्हणजे कुतूहलातून मिळालेले ज्ञान ग्राहकाला दिवा कोणत्या दराने मिळावा, हे ठरविण्याच्या कामी आले.

पण १९२८ साली, रेडिओच्या नळ्या बनविणाऱ्या डी फॉरेस्ट कंपनीविरुद्धच्या दाव्यात, अपील न्यायालयाने कूलिजचे पेटंट अग्राह्य ठरविले. शुद्ध टंगस्टनची तन्यता हा निसर्गाचाच गुण आहे. कूलिजने तो उघड केला, निर्माण केला नाही. आणि निसर्गाच्या गुणावर कोणास एकस्व सांगता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कूलिजच्या परिश्रमांचे मोल याने उणे होत नाही. कंपनीचेही फार मोठे नुकसान झाले नाही, कारण पेटंटाच्या सतरा वर्षांपैकी बहुतेक काळ उलटून गेला होता. तरीही तत्त्वाच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. कंपनी शास्त्रज्ञाचा वेळ विकत घेऊ शकते, त्याच्या कृतीवर काही काळ हक्क सांगू शकते. परंतु त्याला जे सत्य गवसते ते तिच्या खतावणीत कायमचे जमा होत नाही.

कालानेही याला दुजोरा दिला आहे. टंगस्टनच्या दिव्याचे युग आता सरले. २०२० साली जनरल इलेक्ट्रिकने आपला घरगुती दिव्यांचा व्यवसाय विकला आणि २०२४ पर्यंत ती मूळ कंपनीच तीन स्वतंत्र कंपन्यांत विभागली गेली. ज्या मक्तेदारीच्या रक्षणासाठी गाडीखान्यातील प्रयोगशाळा निघाली ती मक्तेदारी उरली नाही. लँगम्यूरचे पृष्ठरसायन मात्र जगातील विद्यापीठांतून कोणाच्याही परवान्यावाचून शिकविले जाते. उद्योगधंद्यांतील संशोधनाचे मूल्यमापन करताना ताळेबंदाबरोबर हीही नोंद इतिहासकाराने लक्षात घ्यावयास हवी.