बदनामी आणि पत : फ्रेंच वास्तववादी कथासाहित्यात

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तववादी कथाकारांनी अब्रूचा विचार आर्थिक पत समजून केला. ती समाज देतो, समाजच काढून घेतो आणि माणसाच्या खऱ्या वर्तनाशी तिचा मेळ क्वचितच बसतो. बाल्झाकच्या ‘सेझार बिरोतो’ (१८३७) या कादंबरीतील अत्तरविक्या दिवाळखोर ठरतो, तो मादलेनजवळच्या जमिनींच्या सट्ट्यामुळे आणि पैसे घेऊन पळालेल्या नोटरीमुळे. लबाडी त्याने केलेली नसते. तरीही पै न पै फेडून न्यायालयाकडून पत पुन्हा मिळेपर्यंत त्याला शेअर बाजाराची पायरी चढता येत नाही. त्या काळचा व्यापारी कायदाच तसा होता. त्याच्या नाशाचा डाव रचणारा, एकेकाळी त्याच्याच दुकानात चोरी केलेला द्यु तिये मात्र प्रतिष्ठित सावकार म्हणून मिरवतो.

फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’त (१८५७) एमाचे व्यभिचार गावात वर्षानुवर्षे निभावतात. तिला विषापर्यंत नेते ती आठ हजार फ्रँकची थकबाकी आणि बाजारात लागलेली जप्तीची नोटीस. कर्ज तिने प्रेमप्रकरणांपायीच काढले, म्हणजे शिक्षा शेवटी अनीतीचीच झाली, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे, पण मग तिचा प्रियकर रोदोल्फ याचे काय? तोच गुन्हा करून तो आपल्या वाड्यात सुखात राहतो. १८१० च्या दंडसंहितेनेही व्यभिचारी पत्नीला कैद सांगितली होती, आणि पतीला फक्त दंड, तोही घरातच रखेल ठेवली तर. मोपासाँ याहून कठोर आहे. ‘बूल द स्विफ’मध्ये (१८८०) प्रतिष्ठित प्रवासी वेश्येच्या टोपलीतले जेवण खातात, स्वतःच्या सुटकेसाठी तिला प्रशियन अधिकाऱ्याच्या स्वाधीन व्हायला भाग पाडतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पाठ फिरवतात. ‘दोरी’ या कथेतील म्हातारा शेतकरी ओशकोर्न तर निर्दोषच असतो. ज्या हरवलेल्या पाकिटाच्या चोरीचा आळ त्याच्यावर येतो, ते परत मिळाले तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि खुलासे करता करताच तो झिजून मरतो.

या मांडणीला सर्वांत मोठे आव्हान झोलाच्या ‘तेरेझ राकँ’चे (१८६७) आहे. तिथे खून उघड होत नाही, तरी खुनी जोडप्याचा सर्वनाश होतो. सदसद्विवेकाचा अधिकार झोला मान्य करतो, असे यावरून वाटते. पण दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच या यातनेला मज्जासंस्थेचा विकार म्हटले, आणि समाजाची नजर तर अखेरपर्यंत आंधळीच राहते. खून झालेल्याची अर्धांगवायूने वाचा गेलेली आई गुरुवारच्या खेळात मेजावर बोटाने दोघांवरचा आरोप लिहू पाहते. पाहुणे ते अर्धवट वाक्य त्यांच्या सेवेची स्तुती समजून पुरे करतात, आणि विष पिऊन मरेपर्यंत ते जोडपे आदर्श गणले जाते.