शेणाचा लेप आणि कापाची जागा

आज लढाईचा नाही, फांदी कापण्याचा इतिहास सांगतो.

साठी ओलांडल्यावर मी लखनौत झाडावर चढून छाटणी करायला शिकू लागलो. शेजारी मलिहाबाद आणि काकोरी, म्हणजे दशहरी आंब्याचा मुलूख. इथल्या कित्येक बागा चाळीस-पन्नास वर्षांहून जुन्या. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आत ऊन पोचत नाही, फळ फक्त शेंड्याला. छाटणी हवीच. पण काप नेमका कुठे घ्यायचा?

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाचा माळी विल्यम फोर्सिथ याने एक लेप काढला: शेण, चुना, राख आणि वाळू. पोकळ झाडही यानं धडधाकट होतं, असा त्याचा दावा. आरमाराला जहाजांसाठी ओकचं लाकूड हवं होतं, म्हणून पार्लमेंटने त्याला १५०० पौंड दिले. थॉमस नाइट या बागायत-संशोधकाने दावा खोडून काढला, तरी लेपावरची श्रद्धा टिकली. पुढे अनेक वर्षं फांदी खोडाला अगदी चिकटून कापायची आणि वर रंग फासायचा, हीच रीत शिकवली जाई.

ती रीत मोडली अमेरिकी वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगोने. त्याने असंख्य झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ साली सहकाऱ्यासह निष्कर्ष मांडला. माणसाची जखम भरते, तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती भिंती उभारतं आणि कूज तिथेच कोंडून ठेवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर शत्रू आत शिरलाच, तर पुढची फळी धरायची. फांदीच्या मुळाशी फुगीर कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. मोर्चा तिथे असतो. खोडाला चिकटून कापलं की कॉलर जातं. खुंट ठेवला तर तो कुजतो. काप कॉलरच्या जरा बाहेर हवा.

जड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालून, अर्धवट; दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडते, पण साल सोलवटत नाही. तिसऱ्या कापात उरलेला खुंट कॉलरपाशी काढायचा.

फौजेतल्या दोरावर वर पोचणं हेच काम होतं; झाडावर वर पोचल्यानंतर काम सुरू होतं. म्हणून आधी जमिनीवरून झाड वाचायचं: बुंध्याला अळंबी, ढोली, वाळकी फांदी, जवळून जाणारी वीजतार. तार असेल तर चढायचंच नाही. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं शरीर, खाली एक जाणता माणूस. सुरुवातीचे कित्येक दिवस पुरुषभर उंचीवरच सराव.

लखनौजवळ रहमानखेड्याला केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे; १९७२ साली ती आंबा संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. जुन्या आंब्याच्या पुनरुज्जीवनाची तिची पद्धत वेगळी आहे. डिसेंबर-जानेवारीत थोराड फांद्या बऱ्याच खाली कापतात, टोकांना शेणाचा किंवा तांबेयुक्त बुरशीनाशकाचा लेप देतात, नव्या फुटव्यांची विरळणी करतात आणि खोडकिड्यावर डोळा ठेवतात. दोन-तीन वर्षांनी फळ येऊ लागतं. लेप आहेच, पण खरी मदार पुढच्या राखणीवर.

हीच छाटणी रस्त्यावरच्या कडुलिंबाला लावली तर घात होतो, कारण नंतर तिकडे कोणी फिरकत नाही. खुंट कुजतात, वरचे फुटवे कमकुवत चिकटलेले राहतात आणि वादळात माणसांवर कोसळतात. तुमच्या गल्लीत पावसाळ्याआधी करवत आली, तर तुमचं गाव कोणत्याही राज्यात असो, दोन गोष्टी विचारा: परवानगी आहे का, आणि काप कॉलरच्या बाहेर घेणार का?